वाचकांचे प्रश्न: रेससाठी चाकं घेताना ट्यूब्युलर की क्लिंचर?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेल्या सीझनपासून रोड रेस खेळायला लागलोय. सायकल रिम ब्रेकची आहे, चाकं साधी अल्युमिनियमची क्लिंचर. ओळखीच्या एका सिनिअर रायडरकडे ५० मिलिमीटर खोल रिमचा कार्बन ट्यूब्युलर सेट पडून आहे, वजन साडेबाराशे ग्रॅम, आणि तो अगदी स्वस्तात द्यायला तयार आहे. ग्रुपमधले निम्मे म्हणतात डोळे झाकून घे, निम्मे म्हणतात या भानगडीत पडू नको. काय करू?

उत्तर : मित्रा, सरावाला आणि रेसला तुझ्याकडे एकच सेट राहणार असेल तर घेऊ नकोस. सध्याची चाकं राहू देत आणि जे पैसे काढून ठेवलेस त्यातून चांगले टायर घे. आता असं का म्हणतोय ते नीट सांगतो, कारण तुझे जे मित्र घे म्हणतायत तेही काही उगाच बोलत नाहीयेत.

ट्यूब्युलरमध्ये ट्यूब टायरच्या आतच शिवलेली असते आणि तो अख्खा गोल टायर रिमवर ग्लूने चिकटवतात. क्लिंचरमध्ये टायरच्या दोन्ही कडांना बीड, म्हणजे जाड टणक कड, असतो, तो रिमच्या भिंतींना आतून धरून बसतो आणि ट्यूब वेगळी. ट्यूब्युलरच्या रिमला हवेचं प्रेशर अडवणाऱ्या उभ्या भिंतीच लागत नाहीत, म्हणून ती हलकी होते आणि तरी दणकट राहते. शिवाय ट्यूब चिमटायला धारदार कड नसल्यामुळे खड्ड्यात आपटून होणारं पंक्चर जवळजवळ होत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पंक्चर झालंच तर टायर रिमला चिकटलेला राहतो, मागून टीमची गाडी येईपर्यंत रायडर हळूहळू चालवत राहू शकतो. युरोपातले व्यावसायिक रायडर इतकी दशकं ट्यूब्युलरवर का होते याची ही खरी कारणं आहेत, आणि ती सगळी बरोबर आहेत.

पण तुझ्यामागे टीमची गाडी आहे का?

आपल्याकडच्या बहुतेक रेसमध्ये नसते, आणि सरावाला तर प्रश्नच नाही. मुळशीच्या पलीकडे ताम्हिणीच्या बाजूला टब, म्हणजे ट्यूब्युलर टायर, गेला की सीटखाली बांधलेला दुसरा टब काढायचा, तो आधी ताणून आणि ग्लूचा हात देऊन ठेवलेला हवा, तो रिमवरच्या जुन्या ग्लूवर बसवायचा आणि घरापर्यंत वळणं जपून घेत यायचं कारण ती पकड अर्धीमुर्धीच असते. घरी आल्यावर खालची पट्टी सोडवा, शिवण उसवा, ट्यूबला पॅच लावा, परत शिवा, पट्टी चिकटवा, टायर चिकटवा. क्लिंचरला हेच काम रस्त्याच्या कडेला पाच-दहा मिनिटांत होतं. आणि आपल्या रस्त्यांवर पंक्चरला तोटा नाही, हायवेला ट्रकचे टायर फुटून पडलेल्या बारीक स्टीलच्या तारा, गावाकडच्या रस्त्याला बाभळीचे काटे, पावसाळ्यात तर ओल्या रबरात काच अजूनच सहज घुसते.

आता वजन. टायर-ट्यूब धरून तुझा साधारण अर्धा किलो वाचेल असं समजू. तू आणि सायकल मिळून ७५ किलो धरले तर हा फरक पाऊण टक्क्याच्या आतच. सिंहगडाचा चढ तू चाळीस मिनिटांत चढत असशील तर पंधरा-सोळा सेकंद. रेसमध्ये पंधरा सेकंद खूप असतात हे मान्य, पण ते सिंहगडासारख्या सलग चढावर, सपाट रस्त्यावर वजनाचा फायदा जवळपास शून्य. फिरणारं वजन दुप्पट मोजायचं असं तुला कोणीतरी ऐकवेल, ते वेग वाढवताना रिमच्या कडेच्या वजनाला साधारण लागू होतं, एकसारख्या वेगाने चढताना रिमवरचा ग्रॅम आणि बाटलीतला ग्रॅम सारखाच. ५० मिलिमीटर खोल रिमचा हवा कापायला उपयोग होतो आणि तो खरा आहे, फक्त तो खोलीचा गुण आहे, ट्यूब्युलर असण्याचा नाही.

एका बाबतीत मात्र ट्यूब्युलर बोलणाऱ्यांचं मी पूर्ण ऐकतो. रिम ब्रेकला कार्बनच घ्यायचं असेल तर कार्बन क्लिंचरपेक्षा कार्बन ट्यूब्युलर सुरक्षित. सिंहगड उतरताना आपण किती वेळ ब्रेक दाबून असतो ते आठव, ती सगळी उष्णता रिममध्येच जाते, कार्बन ती अल्युमिनियमसारखी पटकन बाहेर टाकत नाही, भिंत तापून मऊ झाली की आतल्या प्रेशरने ती बाहेर ढकलली जाऊ शकते, आणि आत लेटेक्स ट्यूब असेल तर ती फुटते. म्हणून उद्या कोणी तुला रिम ब्रेकची कार्बन क्लिंचर चाकं दाखवली तर घाटात ती वापरू नकोस एवढं नक्की. अल्युमिनियमच्या रिमला हा धोका खूपच कमी. फक्त त्यात टीपीयूची, म्हणजे प्लॅस्टिकसारखी पातळ हलकी ट्यूब टाकणार असशील तर पाकिटावर रिम ब्रेकला चालते का ते वाच, काही चालत नाहीत.

एवढं सगळं ऐकून, फक्त रेसच्या दिवशी वापरायला म्हणून तो सेट घ्यायचा झाला तर घे, पण बघून घे. ब्रेक ट्रॅकवरून, म्हणजे रिमवर ब्रेक घासतो त्या पट्टीवरून, बोट फिरव, फुगवटा किंवा खरखर लागली तर तिथेच सोडून दे. निपलच्या, म्हणजे स्पोक रिमला जिथे धरतात त्या, भोकांशी तडा आहे का बघ, चाक फिरवून आऊट किती आहे बघ, हबची बेअरिंग हाताने जाणवून घे. टायर जुना असेल तर तो धरूच नको, नवे टब आणि ग्लू लावायची मजुरी हिशोबात धर, मग तो स्वस्त सेट किती स्वस्त पडतो ते कळेल. आणि ब्रेक पॅड कार्बन रिमसाठीचेच वापर, अल्युमिनियमवर वापरलेल्या पॅडमध्ये धातूचे कण रुतलेले असतात, ते कार्बन रिम कापत जातात.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, जिल्हा आणि राज्य पातळीवर रेस खेळते. आम्ही हडपसरला राहतो. एक-दोन जणांनी सांगितलं की जगातले सगळे मोठे रायडर ट्यूब्युलरवरच जिंकतात, मुलीला पुढे न्यायचं असेल तर तोच सेट घ्या. त्यासाठी कर्ज काढावं लागेल. घ्यावं का?

उत्तर : साहेब, यासाठी कर्ज काढू नका. तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांची माहिती एकेकाळी बरोबर होती, आता नाही.

२०२१ ची पॅरिस-रुबे सोनी कोलब्रेल्लीने ट्यूबलेस टायरवर जिंकली. ही रेस दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून जाते, चाकांची यापेक्षा कडक परीक्षा दुसरी नाही आणि ट्यूब्युलरचा शेवटचा गड म्हणतात तो हाच होता. त्या सुमारास मोठ्या टीम एकेक करून ट्यूब्युलर सोडत गेल्या आणि आज सर्वोच्च पातळीच्या रोड रेसमध्ये ट्यूब्युलर क्वचित दिसतो. कारणं साधी आहेत. डिस्क ब्रेक आले आणि रिम तापायचा प्रश्न संपला, टायर २३ वरून २५, २८, ३० मिलिमीटरपर्यंत रुंद झाले आणि प्रेशर खाली आलं, आणि मोजमाप करणाऱ्यांना दिसलं की चांगला क्लिंचर किंवा ट्यूबलेस टायर रस्त्यावर कमी ताकद खातो. ट्यूब्युलरचा ग्लू जर पातळ किंवा कमी बसला असेल तर टायर रिमवर सूक्ष्म हलत राहतो आणि त्यातही ताकद जाते. शिवाय सायकलचं वजन ६.८ किलोच्या खाली नेता येत नाही हा आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे यूसीआयचा नियम आहे, मग हलक्या चाकांसाठी जीव काढण्यात तितका अर्थ उरत नाही.

जुना इतिहासही सांगतो, कारण क्लिंचर म्हणजे हौशी लोकांचं काम अशी समजूत आपल्याकडे फार घट्ट बसलीय. १८९१ ची पहिली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शार्ल तेराँने मिशेलिनच्या रिमवरून काढता येणाऱ्या टायरवर जिंकली होती. टायर सुटा असणं हाच तेव्हा त्याचा फायदा होता.

तर पैसे कुठे घालायचे? टायरमध्ये. जाड, पंक्चर न होणारा म्हणून विकला जाणारा ट्रेनिंग टायर आणि उत्तम रेसिंग टायर यांच्या जोडीत ३० च्या वेगाला दहा वॅटपेक्षा जास्त फरक सहज निघतो. सोळा वर्षांच्या मुलीला दहा वॅट सरावातून वाढवायला किती महिने घाम गाळावा लागतो ते तिला विचारा. कितीही महाग चाकांवर चांगला टायर नसेल तर तो पैसा वाया, आणि साध्या सरळ अल्युमिनियम चाकांवर चांगला टायर असेल तर मुलगी कोणापेक्षा मागे नाही. सरावाला दणकट टायर ठेवा, रेसच्या दोन-तीन दिवस आधी रेसिंग टायर चढवा, जरा चालवून बघा, आणि रेस झाली की उतरवून ठेवा. हे तिला स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे, टायर लिव्हर न वापरता अंगठ्याने बीड बसवायला शिकवा.

दुसरं म्हणजे प्रेशर. आपल्याकडे अजून टायर दगडासारखा कडक झाला की मुलं खूश होतात. खडबडीत डांबरावर कडक टायर उसळतो, पुढे जायची ताकद वर-खाली हलण्यात जाते आणि वळणावर पकडही जाते. मुलगी ५० किलोच्या आसपास असेल आणि टायर २५ चा असेल तर ७० ते ७५ पीएसआयपासून सुरू करा, २८ चा असेल तर अजून दहा कमी, आणि मग तिला कसं वाटतं त्यावर दोन-दोनने बदला. पेट्रोल पंपावर हवा भरू नका, गेज असलेला फ्लोअर पंप घरात पाहिजेच, चाकांआधी तो घ्या.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने यूसीआयच्या २.२ दर्जाची, म्हणजे अनेक दिवस टप्प्याटप्प्याने चालणारी आंतरराष्ट्रीय स्टेज रेस आपल्याच जिल्ह्यातल्या रस्त्यांवर आली. एवढ्या जवळ अशी रेस येते म्हटल्यावर मुलांना महागडी चाकं हवीशी वाटणारच, त्यात काही चूक नाही. तिला चाकांपेक्षा जास्त गरज रेसच्या प्रवासाची, चांगल्या खाण्याची आणि नीट बसणाऱ्या सायकलची आहे. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या घरात मुलं हरायला घाबरतात, आणि घाबरून रेस खेळता येत नाही.

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडचा. ट्यूब्युलर सेट घेतला, दुकानातून टायर चिकटवून आणले. व्हॉल्व्हजवळ टायर थोडा उचलल्यासारखा वाटतो. दुकानदार म्हणाला चांगलं सोल्युशन लावलंय, हवा भरली की बसेल. रविवारी ग्रुपबरोबर पसरणी घाट आहे. चालवू का?

उत्तर : नाही. तो टायर उतरवल्याशिवाय त्या चाकावर एक किलोमीटरही जाऊ नका, घाट तर सोडाच. हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत रविवार येऊन गेला असेल म्हणून तुम्हाला आधीच कळवलंय, इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी.

पंक्चरच्या पॅचचं सोल्युशन किंवा चप्पल-बुटाचं चिकटवायचं द्रव्य म्हणजे टबचा ग्लू नव्हे. टबचा ग्लू वळणाच्या बाजूच्या ओढीला आणि उष्णतेला टिकेल असा बनवलेला असतो. हवा भरली की टायर रिमला घट्ट आवळला जातो हे अर्धंच खरं, ती आवळ सरळ जाताना पुरते, उतारावर वाकून वळण घेताना पुरत नाही. आणि ग्लू बरोबर असला तरी उष्णतेने तो नरम पडतो. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये गॅपकडे उतरताना होसेबा बेलोकी पडला, तो तेव्हा एकूण क्रमवारीत दुसरा होता. उन्हाने डांबर वितळलेलं, मागचं चाक घसरलं, टायर रिमवरून निघाला, आणि त्याची मांडी, कोपर, मनगट मोडलं. मागून येणारा लान्स आर्मस्ट्राँग शेतातून सायकल काढून वाचला. ती चाकं जगातल्या चांगल्यात चांगल्या मेकॅनिकांच्या हातची होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणारं ऊन, त्यात घाटात ब्रेकने तापलेली रिम, त्यात काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीत चाकं, या तिन्हीचा विचार करा.

आता नीट कसं करायचं. नवा टायर आधी कोरड्या रिमवर चढवून, हवा भरून एक-दोन दिवस ताणत ठेवा, नाहीतर ग्लू लावल्यावर शेवटचा वीतभर भाग चढतच नाही आणि सगळं बरबटतं. रिमवरचं जुनं सोल्युशन पूर्ण काढा, अल्युमिनियमला अॅसिटोन चालतं, कार्बनला कंपनीने सांगितलेलंच वापरा. मग रिमवर ग्लूचा पातळ हात, कडेपासून कडेपर्यंत, आणि तो पूर्ण वाळू द्या, शक्यतो रात्रभर. असे दोन-तीन हात. टायरच्या खालच्या पट्टीला एक-दोन हात, तेही वाळू द्या. शेवटी रिमवर एक ताजा हात देऊन तो चिकट असतानाच टायर चढवा, व्हॉल्व्हपासून सुरू करा, दोन्ही बाजूंना खाली ओढत न्या, सरळ बसलाय का चाक फिरवून पाहा, मग हवा भरून चोवीस तास ठेवा. व्हॉल्व्हजवळची जागा आणि रिमच्या अगदी कडा, घाईत ग्लू कमी पडतो तो इथेच, आणि टायर सुटायला सुरुवातही इथूनच होते. पावसाळी हवेत वाळायला जास्त वेळ द्या.

तपासायचं असं : हवा पूर्ण सोडा आणि दोन्ही अंगठ्यांनी टायर बाजूला ढकला, जोर लावून, चाकभर. कुठेही पट्टी आणि रिम यांच्यात फट दिसली तर परत चिकटवा. हे रेसच्या आदल्या दिवशी नाही, आदल्या आठवड्यात करा. पावसात भिजलेले टब पुढे वापरण्याआधी तर नक्कीच करा, कारण सुती पट्टी ओली राहिली की कुजते आणि ग्लू धरून बसतो पण पट्टीच टायरपासून सुटते. चिकटवायची टेप मिळते, ती ग्लूपेक्षा सोपी आणि लवकर होते, पण ती टायरच्या आणि रिमच्या आकाराला बरोबर जुळणारी हवी.

आणि दुकानदाराशी भांडण करू नका, त्याच्याकडे वर्षात टबचं काम येतं किती? ज्याच्या स्वतःच्या रेसच्या चाकांवर टब आहेत अशा माणसाकडून एकदा हाताने शिकून घ्या. असा माणूस ओळखीत नसेल आणि स्वतः शिकायची तयारी नसेल तर ट्यूब्युलर चालवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. क्लिंचर चुकीचा बसवला तर बहुतेक वेळा हवा भरतानाच कळतं. टब चुकीचा बसवलाय हे कळतं ते वळणावर.

प्रश्न : नवीन डिस्क ब्रेकची सायकल घेतली, चाकं हुकलेस आहेत असं सांगितलं. ग्रुपमधले म्हणतात रेसला १०० पीएसआय भर. माझं वजन ६२ किलो, टायर २८ चे. भरू का? मी बाणेरला राहते.

उत्तर : ताई, अजिबात नको. हुकलेस रिमच्या भिंतीला आतून आकडा, म्हणजे हुक, नसतो, बीड फक्त घट्ट बसून राहतो, म्हणून तिला कमाल प्रेशर ५ बार ठरवून दिलंय, म्हणजे साधारण ७२ पीएसआय. रिमवर किंवा टायरवर यापेक्षा कमी आकडा छापलेला असेल तर तो पाळायचा. तुमच्या वजनाला २८ च्या टायरमध्ये ६० च्या जवळपास पुरेल, त्यामुळे मर्यादेच्या जवळ जायची वेळच येत नाही.

हुकलेसवर साधा क्लिंचर टायर चालत नाही, आत ट्यूब असली तरी नाही. ट्यूबलेसच पाहिजे आणि तोही चाकाच्या कंपनीने दिलेल्या यादीतला, रिमच्या आतल्या रुंदीला टायर किमान किती रुंद हवा तेही तिथेच दिलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूरमध्ये थॉमस डी गेंट पडला तेव्हा त्याचा टायर हुकलेस रिमवरून सुटला होता आणि रायडर्सच्या संघटनेने त्यावर उघड काळजी व्यक्त केली. तुमची चाकं वाईट आहेत असं म्हणत नाहीये, नियमात राहून ती छान चालतात, पण हे लक्षात न ठेवणाऱ्या एखाद्या मित्राने कधी तुमची सायकल घेतली आणि १०० भरले तर? रिमवर स्टिकर लावून ठेवा, ७० च्या वर नाही.

सीलंट, म्हणजे ट्यूबलेसच्या आत भोक बुजवायला ओततात ते द्रव, आपल्या उन्हात लवकर वाळतो, दोन-तीन महिन्यांनी बघत जा. आणि एक साधी ट्यूब सोबत ठेवाच, मोठी चीर पडली तर सीलंट काही करू शकत नाही.

प्रश्न : बालेवाडीला ट्रॅकवर सराव सुरू करतोय. तिथे पण क्लिंचर चालतील का?

उत्तर : सरावाला चालतील. पण ट्रॅकवर ट्यूब्युलरची जागा अजून पक्की आहे आणि त्याला कारण आहे, तिथे खडा-काटा नाही, उतारावरचं ब्रेकिंग नाही, प्रेशर जास्त लागतं आणि चाक जितकं हलकं तितकं स्प्रिंटच्या सुरुवातीला कामी येतं. रेसला जाशील तेव्हा टबचा विचार कर. ट्रॅकवर पूर्वीपासून लाख, म्हणजे शेलॅक, लावून टब बसवतात, ती कडक वाळते म्हणून टायर जराही हलत नाही. मात्र तसे बसवलेले टब रस्त्यावर आणू नकोस, लाख रस्त्याच्या हादऱ्याने आणि पाण्याने सुटते.